पंधराव्या वर्षी मोठा माणूस

१२ फेब्रुवारी २०११, शनिवार

आमच्या टेव्हिनला काल पकडलं. मुलांच्या कोठडीत नेलंय. अजून खरं वाटत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

जे कळलं ते असं. शाळेतला कुस्तीचा सामना संपल्यावर तो आणि डस्टिन केलर चालत घरी निघाले. वाटेत पर्डीम्हाताऱ्याचं दुकान – बिअर, सिगारेटी, गळाला लावायची गांडुळं. दोघे आत शिरले. डस्टिनच्या खिशात छऱ्यांचं पिस्तूल होतं, पोरं डबे पाडायला वापरतात तसलं. बिअरचा खोका उचलला, गल्ल्यात हात घातला. म्हातारा आडवा आला. कुणीतरी ढकललं. तो पडला, खुब्याचं हाड मोडलं.

डस्टिन पळाला. आमचा थांबला. म्हाताऱ्याच्या डोक्याखाली स्वतःचं जाकीट ठेवलं आणि दुकानातल्याच फोनवरून अँब्युलन्स बोलावली. पोलीस आले तेव्हा हा तिथेच फरशीवर बसलेला.

डस्टिन त्याच्या घरी बिछान्यात सापडला. डोक्यावरून पांघरूण. पायात बूट तसेच.

डेल्फीन सकाळपासून एकच पातेलं घासतेय.

१३ फेब्रुवारी, रविवार

चर्चला न जाता भेटीला गेलो. डेल्फीनने मक्याचा कॉर्नब्रेड नेला होता, तो दारावरच ठेवून घेतला.

टेव्हिन त्या खुर्चीत मावत नव्हता. वर्षभरात असा वाढलाय की माझे बूट त्याला होत नाहीत. सहा फूट उंची आणि वर बाळाचं तोंड. मला तोंड दिसतं. लोकांना उंची दिसते.

मान वर करेना. खालीच बघत म्हणाला, "बाबा, मी नाही ढकललं."

"मग कुणी?"

तो बाहीचा दोरा ओढत बसला.

डेल्फीन म्हणाली, "तो तुला टाकून पळाला आणि तू त्याला पाठीशी घालतोस?"

"आई, तो घाबरला होता गं."

आणि हा? हा घाबरला नव्हता? विचारावंसं वाटलं, पण विचारलं नाही. निघताना त्यानेच विचारलं, "त्या आजोबांचं कसं आहे?" खुबा बदलावा लागणार म्हणून सांगितलं. तेव्हा रडला. हुंदके देऊन, नाक पुसत, लहानपणी रडायचा तसाच.

१५ फेब्रुवारी, मंगळवार

कामावर गेलो. न जाऊन काय करणार?

सगळ्यांना कळलेलं होतं. काउंटीच्या जेलमध्ये बातमी भिंतीतून झिरपते. कैदी नेहमीपेक्षा नीट वागले, त्याचंच वाईट वाटलं. बर्नीस टॉलिव्हर माझ्यासोबत दिवसपाळीला असते. तिने माझ्यापुढे कॉफी ठेवली. म्हणाली, "पी. तुझं तोंड बघून कैदीच तुला आत घेतील."

मी म्हटलं, पोर पंधराचं आहे. मुलांच्या कोर्टात निपटेल.

बर्नीस नुसती 'क' विभागाच्या दाराकडे बघत राहिली.

आमच्या 'क' विभागात पोरं ठेवतात – ज्यांना जज मोठ्यांच्या कोर्टात पाठवतो ती. कायदा म्हणतो, पोरांना मोठ्या कैद्यांपासून लांब ठेवा. लांब ठेवायला जागा नाही. म्हणून एकेकाला एकेका कोठडीत बंद. दिवसातून तासभर बाहेर, बाकी वेळ भिंत. त्यांच्याच भल्यासाठी, असं कागदावर म्हटलेलं असतं. आत्ता आत तिघे आहेत. तिघेही काळे. त्यांच्या आधी होते तेही काळे. गावात आम्ही मूठभर, आणि 'क' विभागात आम्हीच आम्ही.

बर्नीस जाता जाता म्हणाली, "गोऱ्यांच्या पोरांच्या हातून चूक होते, प्रूइट. आपली पोरं गुन्हा करतात."

ती नेहमीच असं बोलते. आज हसू आलं नाही.

२२ फेब्रुवारी, मंगळवार

वकीलबाईंना भेटलो. मिस गॅरिटी. सरकारने दिलेली. तिशीची असेल, टेबलावर फायलींचा डोंगर, त्यातच अर्धवट खाल्लेलं सँडविच. बाई भली वाटली. दमलेली वाटली.

तिने सरळ सांगितलं. सरकारी वकिलाने दोन्ही पोरांना मोठ्यांच्या कोर्टात पाठवायची मागणी केली आहे. जज हॉलोवे दोघांची वेगवेगळी सुनावणी घेणार. गुन्हा किती गंभीर, पोराची समज किती, आधीचं वागणं कसं, सुधारायला वाव आहे का – हे सगळं बघणार.

"वाव आहे का?" डेल्फीन म्हणाली. "पंधरा वर्षांच्या पोराला वाव आहे का, हे ठरवायला सुनावणी लागते?"

"मिसेस प्रूइट, मी तुमच्याच बाजूची आहे."

पर्डीने जबाबात म्हटलंय, ढकलणारा 'तो मोठा' होता. डस्टिन आमच्या टेव्हिनहून वर्षाने मोठा आहे. पण पर्डीचं म्हणणं ते नाही, तो अंगाने मोठा म्हणतोय. दुकानातला कॅमेरा बंद पडून किती वर्षं झाली, कुणाला माहीत.

गॅरिटी म्हणाली, टेव्हिनने कुणाशीही त्या दिवसाबद्दल बोलायचं नाही. एक शब्दही नाही. कोर्टाच्या समुपदेशकाशी नाही, जजशी नाही. बोललेलं सगळं पुढे अंगावर येऊ शकतं.

बरं म्हटलं. गप्प राहायला त्याला शिकवावं लागत नाही.

२६ फेब्रुवारी, शनिवार

रॉन केलर भेटला. डस्टिनचा बाप. लोखंडी सामानाच्या दुकानात, बिजागऱ्यांसमोर. पोरांच्या सामन्यांना आम्ही कितीदा शेजारी बसलोय, एका पुड्यातले शेंगदाणे खाल्लेत. आज दोघांनाही बिजागऱ्यांकडेच बघावंसं वाटत होतं.

"कसली वेळ आणलीय रे पोरांनी," तो म्हणाला.

"हो."

त्याने सेंट लुईसहून वकील आणलाय. डस्टिनला मानसोपचारवाल्याकडे नेतोय, आठवड्यातून दोनदा. शिवाय पश्चिमेकडे कुठेतरी घोड्यांचा मळा आहे, बिघडलेल्या पोरांसाठी. तिथे आधीच जागा धरून ठेवलीय, म्हणजे जजला सांगता येईल की बघा, सोय केली आहे.

"तू पण बघ ना असं काही," म्हणाला. मनापासून म्हणाला. तेच तर. रॉन वाईट माणूस नाही.

घर गहाण ठेवूनही तो मळा आम्हाला परवडणार नाही. आणि मुळात तिकडे घोड्यावर काळं पोर बसलेलं मी अजून एकाही माहितीपत्रकात पाहिलेलं नाही. डेल्फीनला सांगितलं. ती म्हणाली, "घोडे राहू देत. तो बोलला का, ढकललं कुणी?"

नाही बोलला.

३ मार्च, गुरुवार

कोर्टाचा समुपदेशक घरी आला. तरुण गोरा पोरगा, बूट दारात काढू का म्हणून विचारलं. डेल्फीनने बिस्किटं केली होती. त्याने खाल्ली, आवडली म्हणाला.

टेव्हिनची खोली बघितली. मग शाळेचा कागद काढला. तीन वेळा शाळेतून घरी बसवलंय. कशासाठी? एकदा मास्तरांना उलट बोलला. एकदा टोपी काढली नाही. एकदा जेवणाच्या सुट्टीत मारामारी.

"ती मारामारी डस्टिनशीच झाली होती," मी म्हटलं. "मस्करीत. दुसऱ्या दिवशी दोघे एकाच ताटात फ्राईज खात होते. टेव्हिनला आठवडाभर घरी बसवलं. डस्टिनच्या बापाला फोन गेला, एवढंच."

त्याने लिहून घेतलं. निदान पेन तरी हललं.

डॉक्टरांनी गेल्या वर्षी सांगितलं होतं, रक्तदाब वाढलाय, मनातलं बोलत जा, बोलवत नसेल तर लिहा. म्हणून ही वही. लिहून काही उतरत नाही.

९ मार्च, बुधवार

काही नाही. काम, घर, झोप नाही.

१७ मार्च, गुरुवार

आज डस्टिनची सुनावणी झाली. मला आत जाता आलं नाही. गॅरिटीने बाहेर येऊन सांगितलं, आणि सांगताना तिच्या चेहऱ्यावर प्रथमच रंग दिसला.

डस्टिनने कबूल केलं. जजपुढे उभा राहून म्हणाला, मी ढकललं. पिस्तूल माझं होतं, आत शिरायचं डोक्यातही माझ्याच आलं. टेव्हिन नको म्हणत होता. मग रडायला लागला. रॉनही रडला.

जजने त्याला मुलांच्याच कोर्टात ठेवलं. मळ्यावर जाईल. अठराव्या वर्षी सगळं पुसून टाकतील.

मला राग यायला हवा होता का? नाही आला. उलट त्या पोराबद्दल माया दाटली. एवढ्या लोकांपुढे बोलला. गॅरिटी म्हणाली, "ज्याने ढकललं तो इथे राहिला, मग ज्याने अँब्युलन्स बोलावली त्याला ते कसे पाठवतील?"

डेल्फीनने कितीतरी दिवसांनी कॅटफिश तळला. आम्ही दोघे पोटभर जेवलो. तिसरी थाळी मांडली गेली होती चुकून. ती तिने उचलली नाही. राहू दे म्हणाली, पुढच्या आठवड्यात लागेलच.

२४ मार्च, गुरुवार

पाठवलं.

झालं ते सगळं लिहायचंय, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

टेव्हिनने माझा कोट घातला होता. खांद्यात बरोबर बसला. नको होता बसायला. त्या कोटात तो बावीस-तेवीसचा दिसत होता. डेल्फीनने हौसेने इस्त्री केली होती, काय बोलू तिला?

सरकारी वकील उभा राहिला. पूर्ण वेळ तो टेव्हिनला 'हा तरुण' म्हणत होता. डस्टिनचं नाव आलं की 'तो मुलगा'. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, चुकून. मग मोजायचं सोडून दिलं.

गॅरिटीने अँब्युलन्सचं सांगितलं. जाकिटाचं सांगितलं. चांगलं बोलली. मग सरकारी वकील म्हणाला – शांतपणे, काही आवाज न चढवता – की बघा, दुसरा मुलगा घाबरून पळाला, पांघरुणात लपला. पोर करतं तेच त्याने केलं. पण या तरुणाने डोकं थंड ठेवलं. परिस्थिती ओळखली, फोन शोधला, पत्ता नीट सांगितला. ही पोराची समज नाही. ही मोठ्या माणसाची समज आहे.

डेल्फीनने माझा हात असा दाबला की अजून दुखतोय.

मग मला साक्षीला बोलावलं. बाप म्हणून सांगायचं होतं की पोर कसं आहे. सांगितलं – रविवारी चर्चमध्ये खुर्च्या मांडतो, आजीच्या पायाला तेल लावतो, अजून दिवा मालवला की दार उघडं ठेव म्हणतो. हे शेवटचं त्याच्यादेखत सांगायला नको होतं. त्याने मान खाली घातली.

सरकारी वकिलाने विचारलं, "मिस्टर प्रूइट, तुम्ही काउंटीच्या जेलमध्ये सार्जंट आहात?"

"हो."

"घरी कधी कामाबद्दल बोलता?"

"कधी कधी."

"म्हणजे गुन्हा केल्यावर माणसाचं काय होतं, हे या तरुणाला गावातल्या कुठल्याही पोरापेक्षा जास्त ठाऊक होतं."

मी जजकडे बघितलं. जज कागदावर काहीतरी लिहीत होते.

"माहीत होतं की नाही, मिस्टर प्रूइट?"

"मी त्याला घाबरवण्यासाठी सांगायचो," म्हटलं. "चांगलं वागावं म्हणून."

"धन्यवाद. एवढंच."

शेवटी जज हॉलोवेंनी टेव्हिनला विचारलं, तुला काही म्हणायचंय? टेव्हिनने गॅरिटीकडे बघितलं. तिने मानेनेच नको म्हटलं. तो म्हणाला, "नाही, सर."

मग निकाल. जज काही दुष्ट माणूस नाहीत. चष्मा काढून, दमलेल्या आवाजात बोलले. म्हणाले, दुसऱ्या मुलाने या कोर्टापुढे पश्चात्ताप दाखवला, त्याच्या कुटुंबाने उपचारांची योजना आणली, त्यामुळे तो सुधारेल असं दिसलं. इथे पश्चात्तापाचा एक शब्द ऐकायला मिळाला नाही. शाळेतलं वागणं वारंवार बिघडलेलं. शरीराने आणि समजेने पूर्ण वाढलेला. मुलांच्या व्यवस्थेत याच्यासाठी आणखी काही शिल्लक दिसत नाही.

शिल्लक! अजून काही दिलंच कुठे होतं?

काळ्यागोऱ्याचा शब्द दिवसभरात कुणाच्याच तोंडी आला नाही. गरजच पडली नाही.

२५ मार्च, शुक्रवार

सकाळीच कॅप्टनने घरी फोन केला. "प्रूइट, आज येऊ नकोस. त्याला दुपारी इकडे आणतायत."

इकडे म्हणजे माझ्या जेलमध्ये. दुसरं जेल आहे कुठे?

संध्याकाळी बर्नीस घरी आली, गणवेशातच. दारातून आत यायला तयार नव्हती. डेल्फीनने ओढून आणलं. ती म्हणाली, "कैदी आत घ्यायच्या टेबलावर मीच होते. मुद्दाम पाळी बदलून घेतली. दुसऱ्या कुणी त्याचे कपडे उतरवू नयेत म्हणून बाहेर उभी राहिले, नि म्हाताऱ्या लायलला आत पाठवलं. लायल बरा आहे, तुला ठाऊक आहे."

"टेव्हिन काय म्हणाला?"

"मला 'येस मॅम' म्हणाला. प्रत्येक वाक्याला." बर्नीसने तोंड फिरवलं. "मोजे त्याचेच राहू दिलेत मी. तिकडे गार असतं."

बाई जेलमध्ये खुनी माणसाला नजरेने खाली बसवते. आमच्या स्वयंपाकघरात डोळे पुसत उभी होती.

३ एप्रिल, रविवार

डेल्फीन एकटी भेटीला गेली. मला बंदी. नियम जुना आहे आणि मी तो दुसऱ्यांना कितीदा वाचून दाखवलाय – नोकरीवरच्या माणसाने कैद्याशी घरगुती संबंध ठेवायचा नाही. भेट नाही, फोन नाही, निरोप नाही. आता माझी बदली दूरच्या गोदामात केलीय, चादरी आणि साबण मोजायला. जेलच्या दारात पाय ठेवायचा नाही.

ती परत आली ती गाडीतच बसून राहिली. मी जाऊन दार उघडलं.

"काचेतून बोलायचं," ती म्हणाली. "फोनची दांडी धरून. आपल्याच पोराशी."

"कसा आहे?"

"वाळलाय. जेवण फटीतून सरकवतात, तो म्हणतो खावंसं वाटत नाही. शेजारच्या कोठडीतलं पोर दिवसभर दाराला डोकं आपटतं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा का येत नाहीत, विचारत होता. माझ्यावर रागावलेत का, म्हणाला."

"तू नियम नाही सांगितलास?"

"सांगितला. तू सांग ना, अल्विन, त्याला ते कसं ऐकू येत असेल."

८ एप्रिल, शुक्रवार

नोकरी सोडली.

कॅप्टनने दार लावून घेतलं. "बस. शांत डोक्याने विचार कर. पेन्शनला थोडी वर्षं राहिलीत. खटला संपेपर्यंत गोदामात काढ."

"खटला संपेपर्यंत तो कुठे असेल, सर?"

कॅप्टनने टेबलावरचे कागद सरळ केले.

"तुम्हाला माहीत आहे 'क' विभाग कसा आहे ते. मलाही माहीत आहे."

"ते मी ठरवत नाही, अल्विन. कोर्ट पाठवतं, मी ठेवतो."

हेच मी इतकी वर्षं म्हणत आलो. शब्दाला शब्द. तो माझ्या तोंडचंच मला ऐकवत होता आणि त्याला कल्पनाही नव्हती. बिल्ला टेबलावर ठेवला. किल्ल्या ठेवल्या. पट्ट्याला किल्ल्यांचं वजन नाही म्हणून घरी येईपर्यंत पँट सारखी वर ओढत होतो.

डेल्फीनने बीन्स गरम करून वाढल्या.

१० एप्रिल, रविवार

पहिल्यांदा बाहेरच्या रांगेत उभा राहिलो. सगळ्या बायका. आया, आज्या, बहिणी. एक म्हातारी ओळखून म्हणाली, "अहो सार्जंट, तुम्ही या बाजूला कसे?" मग तिच्या लक्षात आलं. तिने सरकून मला तिच्या पुढे जागा दिली.

झडती घ्यायला मर्चंट होता. त्याला हे काम मीच शिकवलं. माझे खिसे चाचपताना त्याचे कान लाल झाले. "सॉरी, सर." मी म्हटलं, नीट घे. घोट्यापर्यंत घे. अर्धवट घ्यायची नाही.

काचेपलीकडे टेव्हिन आला. नारिंगी कपडे लोंबत होते. मानेची हाडं दिसायला लागलीत. मला बघून इतका हसला की दातांची तार चमकली. मग फोन उलटा धरला. मी खुणेने सरळ करायला लावला.

"बाबा, तुमची नोकरी?"

"सोडली. कंटाळा आला होता तसाही."

"माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे नाही. तुझ्यासाठी. दोन्हीत फरक असतो."

त्याने विचारलं, "डस्टिन बरा आहे का?"

बरा आहे म्हणालो. घोडे आहेत म्हणे तिकडे.

"त्याला घोड्यांची भीती वाटते," टेव्हिन म्हणाला, आणि त्याला खरंच काळजी वाटत होती.

मी विचारलं, दिवस कसा जातो? म्हणाला, "सुरुवातीला मनातल्या मनात कुस्ती खेळायचो. सगळे सामने पहिल्यापासून. आता प्रतिस्पर्ध्यांची तोंडं आठवत नाहीत. बाबा, एखाद्या दिवशी मी कुणाशी बोललोच नाही तर आवाज जातो का?"

नाही जात, म्हटलं.

"त्या तासाभरात मी मोठ्याने बोलतो. अंगणात. लायल ऐकतात, हसत नाहीत."

वेळ संपली. त्याने काचेवर हात ठेवला नाही. नुसता उठून, सांगतील त्या बाजूला वळला. शिकला.

१९ एप्रिल, मंगळवार

गॅरिटीकडे गेलो. सरकारी वकिलाचा प्रस्ताव आलाय. गुन्हा कबूल केला तर सात वर्षं. खटला लढवून हरला तर पंधरा किंवा जास्त. प्रस्ताव गुरुवारपर्यंत, पाच मेपर्यंत.

सात वर्षं म्हणजे बाविसाव्या वर्षी बाहेर. डेल्फीन बोटांवर मोजत होती.

पण गॅरिटीला एक वाट दिसते. मोठ्यांच्या कोर्टाच्या जजने मनात आणलं तर शिक्षा बाजूला ठेवून पोराला तरुणांच्या सुधारगृहात पाठवता येतं – तिथे शाळा असते, इतर पोरं असतात. तिने अर्ज केलाय. शुक्रवारी, सहा मेला तो ऐकतील. त्याआधी प्रस्तावावर सही झाली तर अर्ज बाद. "जज नवीन आहेत," म्हणाली, "कागद वाचतात असं ऐकलंय. मिस्टर पर्डींची भाची आली होती माझ्याकडे. म्हातारबुवा आता काठीने चालतात. ज्याने जाकीट दिलं त्या पोराला जेलमध्ये का ठेवलंय, असं ते विचारतायत. तिने तसं लिहून द्यायची तयारी दाखवलीय."

"म्हणजे थांबायचं?"

"थांबायचं. शुक्रवारपर्यंत. टेव्हिनलाही मी हेच सांगितलंय."

घरी येताना डेल्फीन गाडीत गुणगुणली. तिला कळलंही नाही.

२३ एप्रिल, शनिवार

उद्या ईस्टर. रॉन केलर भाजलेलं हॅम घेऊन दारात. ताट दोन्ही हातांनी धरलेलं, त्यामुळे दार वाजवता आलं नाही, कोपराने वाजवलं.

"बायकोने दिलंय," म्हणाला.

आत ये म्हणालो नाही, जा म्हणालो नाही. तो पायरीवर बसला. मी बसलो.

"डस्टिनने सांगितलं ना सगळं," तो म्हणाला. "मला वाटलं, त्याने सांगितल्यावर टेव्हिनचंही सुटेल. देवाशपथ असं वाटलं, अल्विन."

"मलाही वाटलं."

"मी काय करू, सांग. माझ्या गोदामात माणूस हवाय, तू ये—"

"रॉन," मी म्हटलं, "तुझ्या पोराने चांगलं केलं. त्याला सांग, मी म्हणालो म्हणून. पण त्याचं खरं बोलणंही त्याच्याच खात्यावर जमा झालं बघ. आमच्या पोराचं चांगलं वागणं त्याच्याविरुद्ध गेलं. यात तू काय करणार? मला माहीत नाही. तुला माहीत असेल तर कर."

तो म्हणाला, शुक्रवारी येतो. जजपुढे बोलायला लागलं तर बोलतो. कुणी गोरा माणूस बोलला म्हणजे—. पुढचं वाक्य गिळलं त्याने.

"ये," म्हटलं.

हॅम आम्ही खाल्लं. चांगलं होतं.

१ मे, रविवार

भेट. डेल्फीन आणि मी दोघे, आळीपाळीने फोनवर. शुक्रवारचं सांगितलं – पर्डी, रॉन, चर्चमधले लोक दोन गाड्या भरून येणार. पास्टर येणार. तुझा नवा कोट आणलाय, तुझ्या मापाचा, आता माझा होणार नाही तुला.

टेव्हिन ऐकत होता. मधेच मान हलवत होता. शेजारच्या कोठडीतलं पोर आता दिसत नाही म्हणाला. कुठे नेलं कुणी सांगत नाही.

"दाराचा आवाज बंद झालाय," म्हणाला. "आधी नको वाटायचा. आता काहीच नाही ऐकू येत."

"पाच दिवस," डेल्फीन त्याला म्हणाली. "पाच दिवस दम धर, राजा."

"हो, आई."

४ मे, बुधवार

कोट इस्त्री करून दाराला लटकवलाय. लहान दिसतो.

५ मे, गुरुवार

टेव्हिनने आज दुपारी सही केली. सात वर्षं.

लायलकरवी त्यानेच गॅरिटीला बोलावून घेतलं. ती त्याला थांब म्हणाली, हात जोडून म्हणाली. तो म्हणाला, मोठ्या तुरुंगात निदान माणसं असतील.

मी फोनवर ओरडलो, आम्हाला न विचारता कशी केली? ती म्हणाली, "मिस्टर प्रूइट, कायद्याने तो प्रौढ आहे. आईबापाची परवानगी लागत नाही."

गेल्या वर्षी त्याच्या दातांना तार लावायची होती. माझी सही होईपर्यंत डॉक्टरने त्याला तोंड उघडू दिलं नव्हतं.